चाळीस क्रेडिट आणि वीस माणसं

मा. परराष्ट्र व्यवहार मंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली



मी पुण्यात करसल्लागार म्हणून काम करते. माझ्या टेबलावर दोन प्रकारच्या फायली येतात. एकीत अमेरिकेत पाच, सात, नऊ वर्षं नोकरी करून परतलेल्यांचे कागद असतात. दुसरीत हाउसकीपिंगची, कँटीनची, माल चढवण्या-उतरवण्याची कंत्राटं घेणाऱ्यांची पगारपत्रकं आणि पीएफची चलनं असतात. या दोन फायलींचा एकमेकींशी काही संबंध असेल असं कुणाच्या मनातही येत नाही. माझं म्हणणं असं की संबंध आहे, तो अमेरिकेच्याच कायद्यात लिहिलेला आहे आणि सामाजिक सुरक्षा करारासाठीची आपली बोलणी इतकी वर्षं अडली आहेत ती तिथेच. म्हणून हे पत्र उघडपणे लिहिते आहे. याची एक प्रत केंद्रीय श्रममंत्र्यांनाही पाठवते आहे, कारण यातलं निम्मं काम त्यांच्या खात्याचं आहे.

आधी पहिली फाइल उघडू.

अमेरिकेत नोकरी करणाऱ्याला वर्षाअखेर कंपनीकडून डब्ल्यू-२ नावाचा कागद मिळतो. त्याच्या चौथ्या रकान्यात सोशल सिक्युरिटीसाठी कापलेली रक्कम असते : पगाराच्या ६.२ टक्के. तितकीच रक्कम कंपनी वेगळी भरते. वर्षाला १ लाख डॉलर पगार असेल तर माणसाचे ६,२०० आणि कंपनीचे ६,२०० मिळून १२,४०० डॉलर झाले. सहा वर्षांचे ७४,४०० डॉलर, म्हणजे आजच्या दराने साठ लाख रुपयांच्या पुढेच. मेडिकेअर या आरोग्य विम्याचे दोघांचे प्रत्येकी १.४५ टक्के यात धरलेले नाहीत. पुष्कळ जण हे पैसे आणि ४०१ (के) मधले पैसे एकच समजतात. ४०१ (के) हे ज्याचं त्याचं खातं आहे, आज ना उद्या काढता येतं. सोशल सिक्युरिटी ही सरकारी पेन्शन योजना आहे आणि तिचा हिशेब क्रेडिटमध्ये होतो.

वर्षाला जास्तीत जास्त चार क्रेडिट मिळतात. २०२५ मध्ये १,८१० डॉलर कमावले की एक क्रेडिट पडत होतं, म्हणजे ७,२४० डॉलरमध्ये वर्षाचा कोटा संपला. त्यापुढे कितीही कमवा, पाचवं क्रेडिट नाही. निवृत्तिवेतनाचा हक्क मिळायला ४० क्रेडिट लागतात, म्हणजे किमान दहा वर्षांची नोकरी.

आता व्हिसाचे नियम शेजारी ठेवून पाहा. एच-१बी सहा वर्षांचा : २४ क्रेडिट. एल-१बी पाच वर्षांचा : २० क्रेडिट. एल-१ए सात वर्षांचा : २८ क्रेडिट. शिक्षणानंतर एफ-१ व्हिसावर जे काम करता येतं, त्यावर पहिली पाच कॅलेंडर वर्षं सहसा हा करही लागत नाही आणि क्रेडिटही मिळत नाही. म्हणजे तात्पुरत्या व्हिसावर गेलेला माणूस नियमाप्रमाणे वागला, मुदत संपताच सामान आवरून परत आला, तर त्याला अमेरिकेचं पेन्शन मिळूच शकत नाही. वर्गणी मात्र त्याने पहिल्या पगारापासून, शेजारच्या खुर्चीवरच्या अमेरिकी नागरिकाइतकीच भरलेली असते. ग्रीन कार्डच्या रांगेत उभं राहून मुदतवाढीवर मुदतवाढ घेणाराच दहा वर्षं पुरी करतो. रांगेत असताना नोकरी गेली, नवी मिळाली नाही, तर त्याचंही खातं ३० किंवा ३६ वर थांबतं. ३६ क्रेडिट असलेल्याला आणि ४ क्रेडिट असलेल्याला अमेरिका सारखंच पेन्शन देते : शून्य. उरलेलं वर्ष भारतात बसून स्वतःच्या खिशातून भरायची सोय तिथे नाही. भरलेले पैसे परत मागायचीही नाही.

हे वाचून आपण म्हणाल, जगाचा कायदाच असा असेल. तसं नाही. जपानमध्ये पेन्शनला दहा वर्षं लागतात, पण दहा वर्षांच्या आत देश सोडणाऱ्या परदेशी माणसाने दोन वर्षांच्या आत अर्ज केला तर त्याला ठरावीक एकरकमी परतावा मिळतो. जर्मनीत वर्गणी थांबल्यावर दोन वर्षं थांबावं लागतं, मग युरोपबाहेर परतलेल्याला अटी पुऱ्या करून स्वतःच्या हिश्श्याचा परतावा मागता येतो. या दोन्ही देशांशी भारताचा सामाजिक सुरक्षा करार आहे : जपानशी ऑक्टोबर २०१६ पासून, जर्मनीशी सर्वसमावेशक स्वरूपात मे २०१७ पासून. त्यामुळे तिथून परतणाऱ्याला निवड करता येते. टोकियोत चार वर्षं आणि इथे पीएफच्या पेन्शन योजनेत (ईपीएस) सात वर्षं काढलेला माणूस दोन्ही मिळून जपानची दहा वर्षांची अट पुरी करू शकतो. त्याने घाईने एकरकमी परतावा घेतला, तर ती चार वर्षं कायमची पुसली जातात. परतण्याच्या गडबडीत विमानाचं तिकीट, मुलांची शाळा, फ्लॅटचा ताबा सगळं आठवतं. ही गोष्ट कुणी सांगत नाही. टोकियोतल्या आणि बर्लिनमधल्या आपल्या दूतावासांनी सांगायला काय हरकत आहे?

अमेरिकेशी मात्र करार नाही. अमेरिकेचे असे करार ३० देशांशी आहेत. पहिला इटलीशी, १९७८ चा. नंतर जर्मनी, कॅनडा, ब्रिटन, दक्षिण कोरिया, चिली, जपान, ब्राझील, उरुग्वे अशी यादी वाढत गेली. आपणही २००९ मध्ये बेल्जियमपासून सुरुवात करून युरोपातले बरेच देश, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, दक्षिण कोरिया, जपान असे करार जोडले. जानेवारी २०१५ मध्ये राष्ट्राध्यक्ष ओबामा प्रजासत्ताकदिनाला दिल्लीत आले, तेव्हाच्या संयुक्त निवेदनात या कराराचा उल्लेख होता. नंतरच्या व्यापार-बैठकांतही तो येत राहिला. दर वेळी वाक्याचा शेवट चर्चा चालू ठेवण्यावर होतो.

चर्चा का संपत नाही, याचं उत्तर शोधायला फार लांब जावं लागत नाही. अमेरिकेच्या सोशल सिक्युरिटी कायद्याचं कलम २३३ वाचावं. १९७७ च्या दुरुस्तीने ते आलं. परदेशांशी असे करार करायचा अधिकार त्यात राष्ट्राध्यक्षांना दिला आहे, पण अटीवर. समोरच्या देशाची सामाजिक सुरक्षा व्यवस्था त्या देशात सर्वसाधारणपणे सगळ्यांना लागू असली पाहिजे आणि तिच्यातून म्हातारपण, मृत्यू किंवा अपंगत्व आल्यावर नियमित रक्कम किंवा विमागणिताने तितकीच ठरणारी रक्कम मिळाली पाहिजे. अमेरिकेत कुणीही निवडून आलं, दिल्लीत कितीही मैत्रीची भाषणं झाली, तरी ही अट कायम राहते. आपल्याविषयीचा आक्षेप नेहमी इथेच येऊन थांबतो : तुमची योजना थोड्यांची आहे, सगळ्यांची नाही.

इथे मला दुसरी फाइल उघडावी लागते.

आपला भविष्यनिर्वाह निधीचा मूळ कायदा १९५२ चा. २० किंवा जास्त माणसं कामाला असतील त्या आस्थापनेला पीएफ लागू होतो. आमच्या धंद्यात या आकड्याला फार मान आहे. एका माणसाच्या दोन एजन्सी असतात, एक स्वतःच्या नावावर, एक बायकोच्या, आणि हजेरीपट दोन्हींचा एकोणीसचा. काम एकाच आयटी पार्कात, गणवेश एकच, मुकादमही एकच. विसावा माणूस आला की तिसरी एजन्सी निघते. जिथे पीएफ कापतात तिथेही मूळ वेतन लहान दाखवून उरलेलं भत्त्यांत टाकायची जुनी रीत आहे. नव्या सामाजिक सुरक्षा संहितेने वेतनाची व्याख्या बदलून ती थोडी आवळली आहे. तरी हिंजवडीत सकाळी सहाला काचा पुसणाऱ्या बाईच्या नावावर म्हातारपणासाठी काय जमा होतं, हे मी चलन भरते म्हणून मला ठाऊक आहे. पुष्कळदा काहीच नाही.

आणि ज्यांच्या नावावर जमा होतं त्यांचं? मालकाच्या हिश्श्यातले ८.३३ टक्के कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेत, म्हणजे ईपीएस-९५ मध्ये जातात. तेही १५,००० रुपयांच्या मर्यादेवर, म्हणजे महिना जास्तीत जास्त १,२५० रुपये. १ सप्टेंबर २०१४ पासून ही मर्यादा आहे. त्याच दिवशी किमान पेन्शन १,००० रुपये ठरलं आणि तेही आजवर तसंच आहे. आमच्या बुलढाण्यातून या पेन्शनधारकांचं आंदोलन वर्षानुवर्षं चालू आहे. आपल्या सरकारला ते माहीत आहे. त्याच तारखेचा आणखी एक नियम आहे, त्याची चर्चा कमी होते : त्या दिवसापासून जो नव्याने पीएफचा सभासद होईल आणि ज्याचं वेतन १५,००० च्या वर असेल, त्याला ईपीएसमध्ये घेतच नाहीत. म्हणजे २०१४ नंतर नोकरीला लागलेल्या बऱ्याचशा आयटी इंजिनीअरांना भारत सरकारच्या पीएफ व्यवस्थेत पेन्शनच नाही. पीएफची एकरकमी पुंजी आहे, दर महिन्याला येणारं काही नाही. आपण अमेरिकेला सांगतो की आमच्या इंजिनीअरांची तिथली वर्षं आमच्या पेन्शनच्या वर्षांशी जोडा. ती विचारते, तुमची कोणती वर्षं?

देशातले सुमारे नव्वद टक्के कामकरी असंघटित क्षेत्रात आहेत. ई-श्रम पोर्टलवर ३० कोटींहून जास्त लोकांची नोंद झाली, हे चांगलं झालं. पण नोंदीने पेन्शन सुरू होत नाही. अटल पेन्शन योजना २०१५ पासून आहे. तिच्यात येणं ऐच्छिक आहे आणि साठीनंतर मिळतात ते १,००० ते ५,००० रुपये. सामाजिक सुरक्षा संहिता २०२० मध्ये संसदेने मंजूर केली आणि २१ नोव्हेंबर २०२५ ला ती लागू झाली. तिच्यात गिग कामगार आले. पीएफसाठी २० माणसांचा उंबरठा मात्र तसाच ठेवला आहे.

उंबरठा ओलांडता येत नाही, असं कुणी म्हणू नये. महाराष्ट्राने तो १९६९ मध्येच ओलांडला आहे. त्या वर्षीच्या माथाडी कायद्याने ज्या हमालाचा मालक रोज बदलतो, ज्याच्या नावाने कुठल्याच पेढीच्या हजेरीपटावर ओळ नसते, त्याच्यासाठी मंडळं उभी केली. व्यापारी मजुरी आणि तिच्यावरची ठरलेली लेव्ही मंडळाकडे भरतो. मंडळ मजुरी वाटतं आणि लेव्हीतून भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, बोनस बघतं. अण्णासाहेब पाटलांच्या माथाडी चळवळीने हे मिळवलं. या मंडळांत आज भानगडी आहेत, खोट्या टोळ्या आहेत, वसुलीच्या तक्रारी आहेत, हे मी पुण्याच्या मार्केट यार्डातल्या व्यापाऱ्यांकडून ऐकत असते. तरी मूळ विचार शाबूत आहे : पेन्शन मालकाला बांधायचं नाही, कामाला बांधायचं. वीस माणसांची अट त्याने आपोआप निकालात निघते.

आता कराराविषयी थोडं. सामाजिक सुरक्षा करारात दोन वेगळ्या गोष्टी असतात, आणि आपल्याकडे त्यांची सरमिसळ होते. पहिली, कंपनीने काही काळासाठी पाठवलेल्या माणसाला तिथली वर्गणी माफ. इथे पीएफ भरत असल्याचं सर्टिफिकेट ऑफ कव्हरेज दाखवलं की काम होतं. दुसरी, दोन्ही देशांतल्या वर्षांची बेरीज. पहिलीचा फायदा मुख्यतः कंपनीला होतो, कारण तिचाही हिस्सा वाचतो. दुसरीचा फायदा माणसाला. पहिलीसाठी उद्योगसंघटना दिल्लीत बोलायला असतात. दुसरीसाठी बोलणारा माणूस घरी परत आलेला असतो आणि ईएमआय भरत असतो. ब्रिटनशी २०२५ मध्ये व्यापार करारासोबत जे ठरलं, ते पहिल्या प्रकारचं आहे : पाठवलेल्या माणसाला ठरावीक काळ दुहेरी वर्गणी नाही. तिथल्या कंपनीने थेट नोकरीवर घेतलेल्या परिचारिकेला किंवा इंजिनीअरला त्यात काही नाही. ब्रिटनमध्येही राज्य पेन्शनसाठी किमान दहा वर्षांची वर्गणी लागते. अमेरिकेशी बोलताना अशी अर्धी तडजोड पुन्हा होऊ नये.

वर्षांच्या बेरजेत किती पदरात पडेल, याविषयी भलत्या आशा दाखवणं बरोबर नाही. सहा वर्षांच्या वर्गणीचं पेन्शन सहा वर्षांच्या मापाचंच येईल. पण अमेरिकेच्या करारांत किमान सहा क्रेडिट असली तरी बेरीज धरतात, आणि करार लागू होण्याआधीची वर्षंही मोजतात. क्रेडिट शिळं होत नाही. १९९९ मध्ये वायटूकेच्या कामाला गेलेल्या आणि २००३ मध्ये परतलेल्या माणसाची सोळा क्रेडिट तिकडच्या नोंदीत आजही आहेत. म्हणजे हा पैसा बुडालेला नाही, कुलपात आहे. आणि कुलूप उघडायची अट त्यांच्या कायद्यात लिहिलेली आहे.

अमेरिका आपणहून ते उघडणार नाही. तिकडच्या विश्वस्तांच्या २०२५ च्या अहवालाप्रमाणे निवृत्तिवेतनाचा राखीव निधी २०३३ मध्ये संपणार आहे. अशा वेळी परत जाणाऱ्यांची, कधीच पेन्शन न मागणारी वर्गणी कोण सोडेल? मेक्सिकोने २००४ मध्ये करारावर सही मिळवली, तो अजून लागू झालेला नाही. एच-१बीच्या नव्या अर्जांवर सप्टेंबर २०२५ मध्ये एक लाख डॉलरचं शुल्क आलं, त्यामागचं राजकारण आपण माझ्यापेक्षा जास्त जाणता. तिथून सदिच्छेने काही येईल ही आशा सोडावी. त्यांना कायद्याची सबब राहू नये, एवढं आपल्या हातात आहे.

आपण दबावही आणून पाहिला. ऑक्टोबर २००८ मध्ये आपण ‘आंतरराष्ट्रीय कामगार’ असा नवा वर्ग काढला. ज्या देशाशी करार नाही तिथला माणूस भारतात नोकरी करत असेल, तर त्याने १५,००० च्या मर्यादेवर नव्हे, पूर्ण पगारावर १२ टक्के भरायचे. २०१० पासून असंही केलं की तो देश सोडून गेला तरी पैसे ५८ व्या वर्षापर्यंत काढायचे नाहीत. कर्नाटक उच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये हे समानतेच्या तत्त्वाविरुद्ध ठरवलं. दिल्ली उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये उलट, सरकारच्या बाजूने निकाल दिला. न्यायालयांचं जे व्हायचं ते होईल. पण अमेरिकेसमोर जी तक्रार आपण करतो आहोत, परतणाऱ्याचे पैसे अडवून ठेवता अशी, तीच आपल्यावर कुणी केली तर काय उत्तर द्यायचं? इतक्या वर्षांत त्या दबावाने वॉशिंग्टन हललेलं नाही. नेपाळच्या कामगाराला १९५० च्या मैत्री कराराचा मान ठेवून आपण या वर्गातून वगळलं आणि भारतीय कामगारासारखं धरलं. शेजारधर्माचा तो न्याय इतर परदेशी कामगारांनाही लावता येईल : देश सोडताना त्याने भरलेलं त्याला द्यावं, किंवा हिशेब चालू ठेवावा.

म्हणून माझ्या मागण्या नेमक्या आणि थोड्या आहेत.

परराष्ट्र आणि श्रम या दोन खात्यांनी मिळून एक आराखडा संसदेत मांडावा. वीसचा उंबरठा किती वर्षांत दहावर, पाचवर आणि शेवटी एकावर येईल, हे त्यात असावं. १५,००० ची मर्यादा कधी आणि कितीवर जाईल, आणि जास्त पगारवाल्याला ईपीएसचं दार पुन्हा कधी उघडेल, हेही असावं. ज्यांचा मालक ठरलेला नाही त्यांच्यासाठी माथाडी मंडळांच्या धर्तीवर लेव्ही कुठल्या धंद्यांत लावणार, ते स्पष्ट असावं. अमेरिकेशी पुढची बैठक होईल तेव्हा कलम २३३ च्या अटीला उत्तर म्हणून हाच कागद टेबलावर जावा.

बोलण्यांत वर्षांच्या बेरजेची मागणी आधी यावी, कंपन्यांच्या सवलतीची नंतर. एकीच्या बदल्यात दुसरी सोडू नये.

करार होईपर्यंत न्यूयॉर्क, सॅन फ्रान्सिस्को, ह्यूस्टन, शिकागो, अटलांटा, सिएटल इथल्या वकिलातींनी परतणाऱ्याच्या हातात मराठी, तेलुगू, तमिळ, हिंदीत एक पान द्यावं. सोशल सिक्युरिटी क्रमांक आणि सगळे डब्ल्यू-२ जपून ठेवा. नोंदीतली कमाई तपासा, चूक असेल तर त्या वर्षानंतर तीन वर्षं, तीन महिने, पंधरा दिवसांच्या आत कळवा. चाळीस क्रेडिट पुरी असतील तर भारतात राहूनही पेन्शन मिळतं, पण ८५ टक्के रकमेवर ३० टक्के कर तिथेच कापला जातो. माणसाच्या पश्चात बायकोला ते मिळायचं तर तिने पत्नी म्हणून अमेरिकेत पाच वर्षं काढलेली असावी लागतात. हे नियम आजही लागू आहेत, आणि माझ्याकडे येणाऱ्या बहुतेकांना ते परतल्यावर कळतात.

आपण एवढं सगळं केलं आणि अमेरिकेने तरीही सही केली नाही, असं होऊ शकतं. समजा तसंच झालं. हिंजवडीत काचा पुसणाऱ्या बाईच्या नावावर तोवर पेन्शनची वर्गणी जमा होऊ लागलेली असेल. परतलेल्या इंजिनीअरचं नुकसान तेवढं राहील, ते आजही आहेच. उलट बाजूने पाहा : घरातलं काही न बदलता केवळ परिषदांतून हा करार आणायचा प्रयत्न आपण दशकभर केला, त्यातून दोघांच्याही हाती काही आलं नाही.

तेव्हा संसदेच्या येत्या अधिवेशनात दोन आकडे आपण आणि श्रममंत्र्यांनी एकत्र उभं राहून सांगावेत, अशी विनंती आहे. देशातल्या दर शंभर कामकऱ्यांमागे आज किती जणांच्या नावावर पेन्शनची वर्गणी दर महिन्याला जमा होते? आणि पाच वर्षांनी किती जणांच्या होणार आहे? पहिला आकडा लाजिरवाणा असेल तरी चालेल. दुसरा आकडा तारखेसह सांगावा, म्हणजे आम्हाला दर वर्षी तो विचारता येईल.

आपली विश्वासू,
एक करसल्लागार, पुणे

प्रत : मा. केंद्रीय श्रम व रोजगार मंत्री